लागलंच तर असू दे

निघायच्या आदल्या रात्री आमच्या हॉलमध्ये चार सॅक भिंतीला टेकून उभ्या होत्या. चौघांच्या चार. त्यातली माझी सगळ्यांत फुगलेली. नवऱ्याने ती उचलून पाहिली, खाली ठेवली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "असू दे. लागलंच तर."

तुमच्याही घरात हे शब्द येता-जाता कानावर पडत असतील. लागलंच तर म्हणून एक जास्तीचा स्वेटर. लागलंच तर म्हणून तापाच्या औषधाच्या दोन बाटल्या, तिसरा टॉवेल, चिवड्याची आणखी एक पिशवी. माझ्या आईची सुंठ-ओव्याची पितळी डबी तर ठरलेलीच. मुलांना घेऊन घराबाहेर पडायचं म्हटलं की जे जे वाईट होऊ शकेल असं वाटतं, त्या प्रत्येकासाठी आपण एकेक वस्तू भरत जातो. बॅग गच्च होते, काळजी मात्र होती तेवढीच राहते.

आम्ही निघालो होतो हंपीला. थोरली पंधराची, धाकटा अकराचा. दिवाळीच्या सुट्टीतले हाताशी उरलेले सहा दिवस. आजवर आमची सहल म्हणजे दारात गाडी, डिकीत बॅगा आणि हॉटेलात पोचलं की टीव्हीचा रिमोट कुणाकडे यावरून भांडण. या वेळी मीच हट्ट धरला होता, की पाठीवर सॅक घ्यायची, रेल्वेने आणि बसने जायचं आणि हॉस्टेलात राहायचं. कॉलेजात असताना मी यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचा सर पासचा ट्रेक केला होता. कसोलच्या बेस कॅम्पला रांगेत उभं राहून घेतलेला चहा, गार पाण्याने आपलं ताट आपण घासणं, हे सगळं अजून आठवतं. मुलांच्याही वाट्याला ते यावं असं मनापासून वाटत होतं. पण एक गोष्ट मी विसरले होते. तेव्हा माझी सॅक मी भरली होती. आईने नाही.

धाकट्याची मात्र मी भरली.

शाळेच्या दप्तराचं जे धोरण २०२० साली आलं, त्यात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं म्हटलंय. मी तोच हिशेब धरला. तो छत्तीस किलोचा, म्हणजे सॅक साडेतीन किलोच्या आसपास हवी. आधी त्याला नुसताच काट्यावर उभा केला, मग सॅक घेऊन. वजाबाकी केली तर पाच किलो भरली. मग माझे हात भराभर चालायला लागले. जीन्स काढली, कारण ती एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. टर्किश टॉवेल काढून पंचा ठेवला. आपल्या आजोबांचा तो साधा पंचा प्रवासात फार कामाला येतो बरं का. तासाभरात वाळतो, उन्हात डोक्याला गुंडाळता येतो, परक्या उशीवर अंथरता येतो, आणि घडी केली तर मुठीत मावतो.

आणि मग अगदी तळाशी हाताला काहीतरी मऊ लागलं. आजीच्या लुगड्याच्या गोधडीचा तुकडा. हातभर लांबीचा, कडेचे टाके उसवलेले. बाळ असल्यापासून तो नाकाशी धरून झोपायची त्याची सवय. मला वाटलं होतं ती कधीच सुटली. त्याने स्वतःच गुपचूप तो सॅकच्या तळाशी दडवला होता. अकरा वर्षांच्या मुलाला आता हे कशाला, असं मनाशी म्हणत मी तो कपाटात ठेवून दिला. दोनशे ग्रॅम कमी झाले. त्याला काही सांगितलं नाही. कुकरची शिट्टी होत होती, घाई होती.

असं आपण सगळेच करतो ना? आपल्याला वेळ नसतो आणि त्यांचं भलं आपल्याला कळतं याची खात्री असते.

हुबळीला गाडी बदलून आम्ही होस्पेटला उतरलो आणि तिथून रिक्षाने आनेगुंदीच्या बाजूला गेलो. तुंगभद्रेच्या या काठाला भाताची खाचरं आहेत, नारळी आहेत आणि मधूनच कुणीतरी रचून ठेवल्यासारखे घराएवढे मोठाले धोंडे. हॉस्टेल शेताच्या कडेला होतं. तिथे मुलांना घेऊन जायचं तर आधी फोन करून विचारून घ्या, कारण बऱ्याच हॉस्टेलांत अठराच्या आतल्या मुलांना डॉर्ममध्ये घेत नाहीत. आम्ही चार बंकची एक खोली अख्खी घेतली होती. मुलांचीही मूळ ओळखपत्रं बरोबर होती म्हणून रिसेप्शनवर अडलं नाही. न्हाणीघर मात्र सामाईक. स्वयंपाकघरात पाटी होती की आपला कप आपण विसळून ठेवावा. थोरलीने ती पाटी वाचली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की घरी ही पाटी लावायचा विचार माझ्या डोळ्यांत तिला दिसला असावा.

हॉस्टेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गिटार घेतलेली विशीतली मुलं येतात. पण ही कल्पना मुळात लहान मुलांसाठी सुचली होती, हे मला मागाहून कळलं आणि फार बरं वाटलं. रिचर्ड शिरमान नावाचे जर्मनीतले एक शाळामास्तर. १९०९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते कित्येक दिवसांच्या पायी सहलीला निघाले होते. वाटेत जोराचं वादळ आलं आणि मुलांसह त्यांना एका गावच्या शाळेत आसरा घ्यावा लागला. मुलं गवताच्या अंथरुणावर झोपली. मास्तर मात्र जागेच राहिले, आणि त्या रात्री त्यांच्या मनात आलं की सुट्टीत ओस पडलेल्या शाळा अशा भटक्या मुलांना झोपायला का देऊ नयेत? पुढे आल्टेना गावच्या किल्ल्यात त्यांनी कायमचं यूथ हॉस्टेल सुरू केलं. दुसऱ्यांची इतकी मुलं पदरात असताना बाहेर वादळ ऐकत जागणारा तो माणूस मला अगदी आपल्यातला वाटतो.

कारण त्या पहिल्या रात्री मीही जागीच होते.

धाकट्याने हट्टाने वरचा बंक घेतला होता. दिवे गेल्यावर बाहेरून बेडकांचा आवाज यायला लागला. थोड्या वेळाने माझ्या डोक्यावरची फळी करकरली. मग पुन्हा. मी हळूच विचारलं, "झोप येत नाहीये का रे?"

"येतेय."

पुन्हा करकर. बऱ्याच वेळाने अगदी बारीक आवाजात आलं, "आई, माझी ती… गोधडी. मी बहुतेक घरी विसरलो."

तो स्वतःलाच दोष देत होता. इतका वेळ अंधारात सॅक चाचपून, आपणच कुठे विसरलो ते आठवत पडला होता. मला गप्प बसता आलं असतं. सकाळपर्यंत तो विसरूनही गेला असता, कदाचित. पण माझा घसा दाटून आला. मी म्हटलं, "तू नाही विसरलास. मी काढली."

वर काहीच हालचाल नाही. मग, "का?"

"वजन जास्त होत होतं."

"मला विचारायचं ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. "मी एक पँट काढली असती."

मी उठले, माझी ओढणी त्याला दिली. ती त्याने घेतली. बोलला नाही. मग त्याचा हात बंकच्या कठड्याखालून खाली आला आणि मी तो धरून उभी राहिले, फरशीवर अनवाणी, हाताला मुंग्या येईपर्यंत. तो झोपल्यावरही थोडा वेळ.

तेव्हापासून एवढंच करते. वजन किती ते मी सांगते, त्यात काय भरायचं ते ते ठरवतात. साडेतीन किलो म्हटलं की मुलं स्वतःच हिशेब करायला लागतात. पुस्तक हवं तर दुसरे बूट नकोत. करून पाहा. एखादी गोष्ट राहील, एखाद-दुसरा दिवस मळका शर्ट घालावा लागेल. मळक्या शर्टाने कुणाचं काही बिघडत नाही. आणि हो, निघायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी भरलेली सॅक पाठीवर देऊन सोसायटीचे जिने चढायला-उतरायला लावा. पट्टा कुठे काचतो ते घरीच कळलेलं बरं. जड वस्तू मध्यावर, पाठीला चिकटून. कमरेचा पट्टा घट्ट. एवढं केलं की मूल ताठ चालतं.

कॅरीबॅगांचंही सांगते. आम्ही प्रत्येकाचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले होते. पहाटे पाचला सूर्योदय बघायला निघताना त्यांची खरखर अख्ख्या मजल्याने ऐकली असेल. शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली आणि धाकटा एवढासा झाला. आता मी जुन्या उशांच्या अभ्र्यांच्या पिशव्या शिवल्यात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची नाडी. आवाज होत नाही, आणि अंधारातही हाताला नाडीच्या गाठी लागतात. एका गाठीची मोज्यांची, दोन गाठींची आतल्या कपड्यांची. ही गाठींची युक्ती थोरलीची.

थोरलीबद्दल मला खरी भीती वाटत होती. पंधराची मुलगी, अनोळखी लोक, सामाईक न्हाणीघर. तुमच्या मनातही पहिला प्रश्न हाच आला असेल. त्यावर माझ्याकडे रामबाण उपाय नाही. आम्ही दोघांशीही आधीच मोकळेपणाने बोललो होतो. कुणाचं बोलणं, बघणं, जवळ येणं नकोसं वाटलं तर तिथून सरळ उठून यायचं. कुणाला वाईट वाटेल याचा विचार करायचा नाही. आपण लहानपणापासून त्यांना "असं बरं दिसतं का?" म्हणत आलेलो असतो, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. आमचे नंबर दोघांना पाठ होते. शिवाय खिशात एक चिठ्ठी, तिच्यावर हॉस्टेलचा पत्ता, फोन, आणि ११२ व १०९८ हे नंबर.

नेमकी होस्पेटच्या गाडीतच तिची पाळी आली होती. मला तिने सांगितलंच नाही. वरच्या कप्प्यातून स्वतःची छोटी पिशवी काढली, जाऊन आली, खिडकीशी बसली. मला कळलं ते दुपारी, तिने पोट शेकायला गरम पाण्याची बाटली मागितली तेव्हा. क्षणभर वाटलं, हिला आता आपली गरज उरली नाही की काय. पण बाटली तिने माझ्याकडेच मागितली होती. मी ती भरून पंच्यात गुंडाळून दिली आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

दुसऱ्या दिवशीचा माझा राग मात्र मला अजून सलतो. पैसे वसूल व्हायला हवेत, हा आपला सहलीतला जुना आजार. विठ्ठल मंदिर झालं, बाजार झाला, मुलांचे पाय उचलत नव्हते, तरी मी "एवढं एकच, पुन्हा कधी येणार?" म्हणत आणखी एका देवळाकडे ओढलं. धावत-पळत घाटावर आलो तर पलीकडे जाणारी शेवटची होडी सुटलेली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला होड्या बंदच होतात, हे मला ठाऊक होतं. धाकटा पायरीवर बसला आणि म्हणाला, "मला नाही चालायचं." मी त्याच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर. चूक माझी होती आणि ओरडा त्याला बसला.

तो गप्प झाला. नवराही गप्प. थोरली मात्र उठून रस्त्यावर गेली आणि मोडक्या हिंदीत आणि हातवारे करत तिने एक रिक्षा ठरवली, भावही तिनेच केला. पुलावरून लांबचा वळसा घेऊन अंधारात आम्ही परतलो. वाटेत मी धाकट्याला म्हटलं, "माझं चुकलं. उद्या काय बघायचं ते तुम्ही ठरवा. एकच ठिकाण." त्यांनी ठरवलं की काहीच बघायचं नाही. सकाळभर नदीकाठी दगडांवर बसले, भाकऱ्या उडवल्या, गोल टोपलीसारख्या होड्या कशा वळतात ते बघितलं. सहा दिवसांतली ती सकाळ दोघंही सगळ्यांत आधी सांगतात.

पण मला खरं तर त्या हॉस्टेलातल्या मोठ्या टेबलाबद्दल सांगायचंय.

घरी पाहुणे आले, "बाळ, नाव काय तुझं?" असं विचारलं, की मूल तोंड उघडायच्या आत नाव कोण सांगतं? आपणच. इयत्ता आपण सांगतो, छंद आपण सांगतो, "लाजतो हो जरा" हेही आपणच सांगतो. हॉस्टेलात जेवायला सगळे एकाच लांबलचक टेबलाशी बसतात. रात्री समोर साठीच्या घरातली एक परदेशी बाई होती. तिने धाकट्याला इंग्रजीत विचारलं, आज काय पाहिलं. माझे ओठ उघडले होते. थोरलीने टेबलाखालून माझा पाय दाबला.

तो बराच वेळ भाताशी खेळत राहिला. मग खिशातून पन्नासची नोट काढली, तिच्यावरचा दगडी रथ दाखवला. हा आज पाहिला, म्हणाला. बाई म्हणाली, तिनेही पाहिला, पण त्या देवळाच्या गाभाऱ्यात देव का नाही? आणि मग माझ्या मुलाने तुटक इंग्रजीत तिला सांगितलं की देव आमच्याकडे पंढरपूरला आहे. राजाने तो इथे आणला होता, लोक रडले, मग आमचे एकनाथ आले आणि त्याला घरी घेऊन गेले.

एकनाथ नव्हे, भानुदास. एकनाथांचे पणजोबा. विजयनगरहून विठ्ठलाची मूर्ती त्यांनी परत नेली अशी कथा आहे. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी हातातला कप घट्ट धरून बसले. तो हातांनी मूर्तीची उंची दाखवत होता, कमरेवर हात ठेवून विठ्ठल कसा उभा असतो ते दाखवत होता, आणि ती बाईही उठून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. टेबलावरचे सगळे बघत होते. तो लाजत नव्हता.

खोलीत आल्यावर थोरलीने त्याला हळूच सांगितलं. त्याचा चेहरा पडला. पण सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आले तेव्हा तो अंगणात त्या बाईसमोर उभा होता आणि म्हणत होता, "नॉट एकनाथ. हिज ग्रँडफादर्स फादर."

मी रात्री मधे पडले असते तर ही सकाळ झाली नसती. शाळेतल्या बाईंसमोर, डॉक्टरांसमोर, दुकानात, असं मी किती वेळा मधे पडले असेन. तुम्हीही थोडं थांबून बघा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. मी मोजते. सहा-सातच्या सुमाराला मूल बोलायला लागतं.

परत आल्यावर महिनाभराने राजमाचीला जायचं ठरलं, पायथ्याच्या उधेवाडीत एका घरी मुक्काम. या वेळी धाकट्याने खोलीचं दार लोटून घेतलं आणि सॅक एकट्याने भरली. मी बाहेर उभी होते, पण आत गेले नाही. मग तो सॅक घेऊन काट्यावर चढला. वजाबाकी केली, तीन किलो नऊशे. खाली उतरला, विचार केला, बुद्धिबळाचा डबा काढला. गोधडीचा तुकडा वरच्या कप्प्यात होता, नीट घडी घातलेला. दडवलेला नव्हता.

मग तो माझ्या सॅककडे वळला. "आई, यात लागलंच तरवाल्या वस्तू किती?"

आम्ही दोघं फरशीवर बसलो. त्याने तापाच्या औषधाची दुसरी बाटली काढली. तिसरा टॉवेल काढला. स्वेटरवर थोडी वादावादी झाली, तो जिंकला. मग त्याच्या हाताला पितळी डबी लागली. त्याने ती तळहातावर तोलली. तिचं झाकण आता नीट बसत नाही, सुंठही जुनी झालीये, आणि पितळ ते पितळच, चांगलं जड.

"ही आजीची ना?"

मी मान हलवली.

त्याने ती काट्यावर ठेवली नाही. वरच्या कप्प्यात घातली आणि चेन ओढून घेतली.